राखणदाराची भाकर

(शेत, कांद्याची चाळ, शेळ्यांचा वाडा यांची राखण करणारे कुत्रे आपण नेहमी पाहतो. त्यांच्या इमानीपणाच्या गोष्टीही ऐकतो. पण कुत्र्याला काय पचते, काय पचत नाही आणि त्याच्या कातडीचा व खुराकाचा काय संबंध आहे, याचा विचार फारसा कोणी करत नाही. प्रस्तुत पाठात लेखकाने लासूर स्टेशन येथील एका राखणदार कुत्र्याच्या निमित्ताने ही माहिती सोप्या भाषेत सांगितली आहे.)

मुलांनो, मनमाडहून रेल्वेने छत्रपती संभाजीनगरकडे निघालात, तर रोटेगाव आणि परसोडा ही स्टेशने मागे पडल्यावर लासूर लागते. लासूर हे मूळ गाव शिवना नदीच्या काठी आहे. रेल्वे आली आणि स्टेशनाभोवती बाजारपेठ वाढली. या बाजारपेठेच्या वस्तीलाच लोक लासूर स्टेशन म्हणतात. कापूस, मका आणि कांदा घेऊन आसपासच्या खेड्यांतील शेतकरी येथे येतात. कांद्याच्या दिवसांत तर रस्त्याने चालताना वासावरूनच कळते, की आपण लासूर स्टेशनला पोहोचलो!

उन्हाळ्यात काढलेला कांदा पावसाळ्यानंतर विकायचा, तर तो चाळीत साठवावा लागतो. चाळीला राखण लागते. अशाच एका चाळीवर शेरू नावाचा कुत्रा होता. रंग तांबूस, कान उभे, आवाज खणखणीत. चाळीचे मालक एक वयस्क चाचा होते. रात्री ते बाजेवर झोपत आणि शेरू चाळीला फेऱ्या मारत असे.

आमच्या शाळेत येणारी मुले त्या चाळीवरूनच येत. एका वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली आणि मुले शेरूबद्दल वेगळेच बोलू लागली. त्याच्या पाठीवरचे केस गळाले होते. कातडी कोरडी पडून तिचे पापुद्रे निघत होते. तो सारखा अंग खाजवी. पोटाची तक्रार तर कायमचीच झाली होती. मुले म्हणाली, ‘‘सर, शेरू पिसाळला!’’ काही मुले लांबून त्याला दगड मारू लागली. खरे सांगतो, मीसुद्धा पूर्ण चौकशी न करता त्यांना एवढेच म्हणालो, ‘‘त्या रस्त्याने येऊ नका.’’ दगड मारू नका, हे सांगायचे माझ्याकडून राहून गेले.

मग एके दिवशी नववीच्या वर्गात मी विनंतीपत्र शिकवत होतो. तास संपल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा थांबला. तो त्या चाचांचा पुतण्या होता. मान खाली घालून म्हणाला, ‘‘सर, चाचा शेरूला टेम्पोत घालून लांब सोडून येणार आहेत. जुम्म्यापर्यंतच थांबतो म्हणाले. पत्र लिहून काही होते का?’’

मी म्हणालो, ‘‘होते की! लिही. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना लिही.’’

त्याने पत्र लिहिले. शुद्धलेखनाच्या सात चुका होत्या. पण मजकूर इतका खरा होता, की मला लाल शाई वापरवेना. दुसऱ्या दिवशी चाचा, तो मुलगा आणि मी, असे तिघे शेरूला दोरीने बांधून पशुवैद्यकीय दवाखान्यात घेऊन गेलो.

डॉक्टरांनी शेरूचे डोळे पाहिले, ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. त्या गुलाबी नव्हत्या, फिकट पडल्या होत्या. कातडी हलकेच खरवडून त्यांनी काचेवर घेतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. मग ते म्हणाले, ‘‘कुत्रा पिसाळलेला नाही. खरजेचे किडेही दिसत नाहीत. चाचा, याला खायला काय देता?’’

चाचा अभिमानाने म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, मी खातो तेच देतो. सकाळी चहात टोस्ट. दुपारी भाकर आणि कांद्याचा रस्सा. रात्री वाटीभर दूध. कधी उपाशी ठेवले नाही.’’

डॉक्टर क्षणभर गप्प राहिले. मग हळूच म्हणाले, ‘‘तुमच्या मायेत काही कमी नाही, चाचा. कमी आहे ती त्याच्या ताटलीत. शेरूचे पोट तुमच्या पोटासारखे नाही.’’

मुलांनो, डॉक्टरांच्या या एका वाक्यात आजचा सगळा धडा आहे. तो आपण नीट समजून घेऊ.

कुत्र्याचे पोट

माणसाच्या तोंडात ३२ दात असतात, पूर्ण वाढलेल्या कुत्र्याच्या तोंडात ४२. आपण घास चघळतो तेव्हा आपला जबडा आडवाही फिरतो. कुत्र्याचा जबडा मुख्यतः वर-खाली चालतो. त्याचे दात मांस फाडण्यासाठी आणि तुकडे करण्यासाठी आहेत. भाकर बराच वेळ चावली, तर ती गोड लागते, हा अनुभव तुम्ही घेतला असेल. आपल्या लाळेतील पाचकरस पिठातील स्टार्चचे साखरेत रूपांतर करू लागतो, म्हणून असे होते. कुत्र्याच्या लाळेत हा रस जवळजवळ नसतोच. म्हणून तो घास फारसा न चावता गिळतो. स्टार्च पचवण्याचे त्याचे काम पुढे आतड्यात होते. तेथे स्वादुपिंडातून पाचकरस येतो.

मग कुत्र्याला भाकर पचतच नाही का? तसे नाही. कुत्रा आणि लांडगा एकाच कुळातले. पण हजारो वर्षे कुत्रा माणसाच्या वस्तीत राहिला, माणसाचे उरलेसुरले अन्न खाऊन जगला. स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २०१३ साली एक संशोधन प्रसिद्ध केले. स्टार्च पचवणारा रस तयार करणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असतात, असे त्यांना आढळले. म्हणजे माणसाच्या भाकरीने कुत्र्याचे शरीरसुद्धा बदलले आहे! आपल्या मराठवाड्यातील ज्वारी-बाजरीची भाकर त्याला पचते. मात्र नुसत्या भाकरीवर त्याचे भागत नाही. का भागत नाही, ते पुढे पाहू.

आता दुधाकडे वळू. पिल्लू आईचे दूध पिते तेव्हा दुधातील साखर पचवणारा रस त्याच्या आतड्यात भरपूर असतो. पिल्लू मोठे झाले की हा रस कमी होतो. त्यामुळे पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना वाटीभर दूध दिले की पोट फुगते आणि जुलाब होतात. दह्यात ही साखर कमी असते. म्हणून थोडेसे ताजे दही बऱ्याच कुत्र्यांना चालते. शेरूचे पोट सतत बिघडण्याचे एक कारण रोज रात्रीचे दूध हे होते.

कांदा: आपला मित्र, कुत्र्याचा वैरी

दुसरे कारण त्याहून गंभीर होते. ज्या कांद्याची शेरू रात्रंदिवस राखण करत होता, तोच कांदा त्याच्या जिवावर उठला होता.

कांदा आणि लसूण यांत गंधकाची काही संयुगे असतात. आपल्याला त्यांचा त्रास होत नाही. कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींना मात्र ती इजा करतात. पेशी फुटू लागतात, अंगातले रक्त कमी होते आणि हिरड्या फिकट पडतात. कुत्रा थकतो, लवकर धापा टाकतो. कधी लघवीचा रंग गडद होतो. कुत्र्याच्या वजनाच्या सुमारे दोनशेव्या भागाइतका कांदा एका वेळी पोटात गेला, तरी तो अपायकारक ठरू शकतो. २० किलो वजनाच्या कुत्र्याचा हिशेब करा. १०० ग्रॅम, म्हणजे एक मध्यम आकाराचा कांदा! शिवाय थोडा थोडा कांदा रोज पोटात गेला, तरी त्याचा परिणाम साठत जातो.

कांदा शिजवला म्हणजे हा दोष जातो, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. कच्चा असो, तळलेला असो, रश्श्यात विरघळलेला असो किंवा वाळवून पूड केलेला असो. कांदा कुत्र्याला वाईटच. म्हणून बिर्याणीचा उरलेला भात, सालन, रस्सा, भजी हे सारे त्याच्या ताटलीत घालू नये. त्याच्यासाठी शिजवायचे ते फोडणी देण्यापूर्वी बाजूला काढावे.

कुत्र्याला न देण्याच्या आणखी काही गोष्टी लक्षात ठेवा. द्राक्षे आणि मनुके यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. चॉकलेट, चहा आणि कॉफी यांतील द्रव्ये त्याच्या हृदयाला व मेंदूला त्रास देतात. शिजवलेल्या हाडांचे टोकदार तुकडे होतात. ते घशात किंवा आतड्यात रुतू शकतात. कोंबडीची शिजवलेली हाडे तर मुळीच टाकू नयेत.

कातडी ही ताटलीचा आरसा

आता कातडीचा प्रश्न. शेरूच्या पोटात बिघाड झाला. पण त्याचे केस का गळले?

केस कशाचे बनतात? मुख्यतः प्रथिनांचे. कुत्र्याच्या अंगभर केस असतात. ते गळतात, नवे येतात. कातडीचा वरचा थरही सुमारे तीन आठवड्यांत नवा होतो. या कामासाठी कुत्र्याच्या रोजच्या प्रथिनांपैकी २५ ते ३० टक्के प्रथिने खर्च होतात, असे तज्ज्ञ सांगतात. खुराकात प्रथिने कमी पडली, की शरीर आधी हृदय, यकृत अशा महत्त्वाच्या अवयवांना देते. कातडी आणि केस यांची पाळी शेवटी येते. घरात पैसा कमी पडला की अम्मी आधी धान्य भरतात आणि नवे कपडे पुढे ढकलतात. शरीराचा कारभारही तसाच चालतो.

मोठ्या कुत्र्याच्या खुराकातून पाणी वगळले, तर उरलेल्या कोरड्या भागात किमान १८ टक्के प्रथिने असावीत, असे प्रमाण मानतात. वाढत्या पिल्लांसाठी हे प्रमाण २२.५ टक्के आहे. ज्वारीत प्रथिने साधारण १० टक्के असतात. म्हणजे नुसत्या भाकरीने पोट भरते, पण प्रथिनांची बाजू लंगडी राहते. अंडे, मांस, मासे आणि डाळ यांनी ती सावरता येते. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. अंडे मात्र उकडून द्यावे. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागातील एक द्रव्य बायोटिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू देत नाही, आणि बायोटिन तर कातडीला हवे असते. अंडे उकडले की हा अडथळा दूर होतो.

दुसरी गरज आहे चांगल्या तेलाची. कातडीला मऊ ठेवणारे आणि तिच्यातील ओलावा टिकवणारे लिनोलेइक आम्ल कुत्र्याचे शरीर स्वतः बनवू शकत नाही. ते अन्नातूनच मिळावे लागते. ते कमी पडले की कातडी कोरडी होते, कोंडा पडतो, केसांची चमक जाते. आपल्या मराठवाड्यात पिकणारी करडई येथे कामाला येते. करडईच्या नेहमीच्या तेलात हे आम्ल फार मोठ्या प्रमाणात असते. मध्यम आकाराच्या कुत्र्याला रोज एक चहाचा चमचा तेल पुरते. जास्त दिले तर पोट बिघडते. कातडीची आग आणि सूज कमी करणारी दुसऱ्या प्रकारची स्निग्ध द्रव्ये माशांच्या तेलात असतात. जवसातही त्यांचा एक प्रकार असतो; परंतु त्याचा उपयोग करून घेणे कुत्र्याच्या शरीराला तितकेसे जमत नाही.

तिसरी गरज आहे क्षारांची. त्यांत जस्त महत्त्वाचे. धान्याच्या कोंड्यातील एक द्रव्य जस्ताला धरून ठेवते आणि ते शरीरात शोषले जाऊ देत नाही. त्यामुळे केवळ धान्यावर वाढलेल्या कुत्र्यांच्या डोळ्यांभोवती, तोंडाभोवती आणि पंजांवर खपल्या धरू शकतात. कॅल्शियमही भाकरीत आणि मांसात फार थोडे असते. म्हणून घरचा खुराक देताना क्षारांची पूड किती घालायची, हे डॉक्टरांनाच विचारावे. अंदाजाने दिलेले औषध फायद्याऐवजी तोटा करते.

शेरूचा नवा खुराक

डॉक्टरांनी शेरूला जंताचे औषध दिले आणि त्याच्या वजनाप्रमाणे, म्हणजे २० किलोच्या हिशेबाने, एका कागदावर रोजचा खुराक लिहून दिला. तो कागद त्या मुलाने वहीत उतरवून घेतला. त्यात असे लिहिले होते:

ज्वारीच्या दोन भाकरी, कुस्करून. दोन उकडलेली अंडी. मूठभर उकडलेले, हाड काढलेले मांस. वाटीभर बिनफोडणीचे मऊ वरण. थोडा शिजवलेला लाल भोपळा. एक चमचा करडईचे तेल. डॉक्टरांनी दिलेली क्षारांची पूड. मीठ, तिखट, कांदा, लसूण काही नाही. हे सारे दोन वेळांत विभागून द्यावे. चहा आणि दूध बंद. स्वच्छ पाणी दिवसभर समोर असावे.

लाल भोपळा कशाला, असे चाचांनी विचारले. डॉक्टर म्हणाले, ‘‘त्यात मऊ चोथा असतो. आतड्यातील उपयोगी जंतू त्यावर जगतात. शौचाला घट्टपणा येतो.’’ पाण्याबद्दलही त्यांनी बजावले. २० किलोच्या कुत्र्याला साध्या हवेत दिवसाला एक लिटरहून अधिक पाणी लागते. उन्हाळ्यात त्याहून पुष्कळ जास्त.

‘‘आणि एक सांगतो,’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘उद्याच सगळा खुराक बदलू नका. आठवडाभर जुनी भाकर थोडी थोडी कमी करा, नवे थोडे थोडे वाढवा. कांद्याचा रस्सा, चहा आणि दूध तेवढे आजच बंद करा. केस यायला मात्र दोन-तीन महिने लागतील. धीर धरा.’’

मांस रोज कोठून आणायचे, हा चाचांपुढे प्रश्न होता. बाजारातील खाटिकाकडे स्वस्तात मिळणारे तुकडे आणून उकडायचे, असे ठरले. येथे एक फार महत्त्वाची गोष्ट ध्यानात ठेवा. शेळी-मेंढीचे कच्चे काळीज, फुप्फुस किंवा इतर आतला भाग कुत्र्यापुढे कधीही टाकू नका. त्यात कधी कधी पाण्याने भरलेल्या गाठी असतात. त्या एका जातीच्या पट्टकृमीच्या असतात. कुत्र्याने त्या कच्च्या खाल्ल्या की त्याच्या आतड्यात कृमी वाढतात, त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि माती, पाणी किंवा हातांमार्फत माणसाच्या पोटात जातात. मग माणसाच्या यकृतात वा फुप्फुसात तशाच गाठी होऊ शकतात. बकरी ईदच्या दिवसांत हे विशेष सांभाळावे. नको असलेला आतला भाग उघड्यावर न टाकता खोल खड्ड्यात पुरावा.

इलाज आणि गैरसमज

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कुत्र्याचा प्रत्येक कातडीचा आजार खुराकामुळेच होतो, असे नाही. गोचीड, पिसवा, खरजेचे किडे, बुरशी अशी अनेक कारणे असतात. एका प्रकारची खरूज माणसालाही लागते आणि खाज सुटते. कारण कोणते, ते तपासल्याशिवाय कळत नाही. म्हणून डॉक्टरांनी आधी कातडी तपासली आणि मगच खुराकाची चौकशी केली.

आपल्याकडे कुत्र्याला खरूज झाली की अंगाला गाडीचे जळके ऑइल लावतात. हा इलाज नव्हे, अपाय आहे. कुत्रा अंग चाटतो आणि ते विष पोटात जाते. कातडीही भाजते. आपला अंघोळीचा साबणही त्याला नको. कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते आणि आपल्या साबणाने ती आणखी कोरडी होते.

तसेच केस गळलेला कुत्रा म्हणजे पिसाळलेला कुत्रा नव्हे. पिसाळणे म्हणजे रेबीज. तो विषाणूंनी होणारा वेगळाच रोग आहे. पण कोणताही कुत्रा चावला, तर जखम ताबडतोब साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि लगेच सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. हळद, चुना, मिरची लावत बसू नये. पाळलेल्या कुत्र्यालाही रेबीजची लस वेळच्या वेळी टोचून घ्यावी.

पुढे काय झाले?

जुम्म्याचा दिवस आला आणि गेला. टेम्पो आला नाही. चाचा म्हणाले, ‘‘दोन महिने पाहतो.’’

पुतण्याने आपली शिकस्त केली. शाळेत येण्यापूर्वी तो चाळीवर जाऊन भाकर कुस्करून देई. घरी दादींची एक अट होती. कुत्रा घरात नको, त्याची ताटली वेगळी आणि प्रत्येक वेळी हात स्वच्छ धुवायचे. मुलाने ती अट तंतोतंत पाळली. दादींचे म्हणणे आरोग्याच्या दृष्टीनेही योग्यच होते. आणि दादींनीच एके दिवशी त्याला विचारले, ‘‘शेरूला पाणी ठेवलेस का?’’ तहानलेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून पायातल्या मोज्यात पाणी भरून आणणाऱ्या माणसाची गोष्ट तुम्हीही आपापल्या घरी ऐकली असेलच. राखणीच्या कुत्र्याची जागा घराबाहेर असेल. पण त्याच्या भुकेची आणि तहानेची जबाबदारी मालकावरच असते.

पहिल्या दोन आठवड्यांत शेरूचे पोट ठिकाणावर आले. महिनाभराने त्याच्या हिरड्यांवर गुलाबी रंग दिसू लागला. कातडीवर मात्र काहीच फरक दिसेना. चाचा कंटाळले. मुलाने त्यांना डॉक्टरांच्या ‘धीर धरा’ या शब्दांची आठवण करून दिली. मग सातव्या आठवड्यात पाठीवर बारीक मऊ लव उगवली. फेब्रुवारीपर्यंत पाठ तांबूस केसांनी झाकली गेली. डाव्या मांडीवर हातभर नव्हे, पण रुपयाएवढा एक डाग तसाच राहिला. तेथे दगड लागला होता.

तो डाग पाहिला, की मला माझे ते अपुरे वाक्य आठवते. ‘त्या रस्त्याने येऊ नका,’ एवढेच मी म्हणालो होतो.

मुलांनो, आजारी जनावर बोलू शकत नाही. त्याचे दुखणे त्याच्या कातडीवर, डोळ्यांत आणि शौचात दिसते. ते पाहायला शिका. माया करणे चांगलेच. परंतु माहिती नसेल, तर मायेच्या हातूनही अपाय होतो. चाचांनी शेरूला आपल्या वाट्याचे जेवण दिले होते. शेरूला हवे होते त्याच्या वाट्याचे.

शब्दार्थ

राखण – रखवाली, देखभाल
चाळ (कांद्याची) – कांदा साठवण्यासाठी हवा खेळती राहील अशी बांधलेली जागा
खुराक – रोजचे खाणे, गिजा
पचणे – हजम होणे
कातडी – त्वचा, जिल्द
पापुद्रा – पातळ थर
अपाय – नुकसान, इजा
हिरड्या – दातांभोवतीचे मांस, मसूडे
यकृत – काळीज, जिगर
मूत्रपिंड – गुर्दा
क्षार – शरीराला लागणारी खनिज द्रव्ये
करडई – एक तेलबी, कुसुम
जवस – अळशी
लव – बारीक मऊ केस

वाक्प्रचार व त्यांचे अर्थ

जिवावर उठणे – जीव घेऊ पाहणे
बाजू लंगडी राहणे – कमतरता राहणे
ठिकाणावर येणे – पूर्वीसारखे ठीक होणे
शिकस्त करणे – होईल तेवढा प्रयत्न करणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लासूर हे मूळ गाव कोणत्या नदीच्या काठी आहे?
(आ) शेरू कशाची राखण करत असे?
(इ) पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला किती दात असतात?
(ई) कच्चे अंडे कुत्र्याला का देऊ नये?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मोठ्या कुत्र्याला दूध का पचत नाही?
(आ) कांद्यामुळे कुत्र्याच्या रक्तावर काय परिणाम होतो?
(इ) खुराकात प्रथिने कमी पडली की केस का गळतात?
(ई) बकरी ईदच्या दिवसांत कोणती काळजी घ्यावी?

प्र. ३. कोण, कोणास म्हणाले?
(अ) ‘‘पत्र लिहून काही होते का?’’
(आ) ‘‘मी खातो तेच देतो.’’
(इ) ‘‘शेरूला पाणी ठेवलेस का?’’

प्र. ४. कारणे लिहा.
(अ) लेखकाला पत्रावर लाल शाई वापरवली नाही.
(आ) कुत्र्याच्या अंगाला जळके ऑइल लावू नये.
(इ) शेरूच्या मांडीवरचा डाग पाहून लेखकाला आपले वाक्य आठवते.

प्र. ५. हिशेब करा व सांगा.
एका कुत्र्याचे वजन १२ किलो आहे. पाठात दिलेल्या प्रमाणानुसार एका वेळी किती ग्रॅम कांदा त्याला अपायकारक ठरू शकतो?

प्र. ६. भाषाभ्यास.
(अ) उर्दूत दोन लिंगे आहेत, मराठीत तीन. उदा., तो कुत्रा (पुल्लिंग), ती भाकर (स्त्रीलिंग), ते पिल्लू (नपुंसकलिंग). पुढील शब्दांपूर्वी तो, ती किंवा ते लिहा: कांदा, अंडे, कातडी, तेल, ताटली, पोट, खुराक, दूध.
(आ) दवाखाना, इलाज, खुराक, तक्रार, फायदा, मालक हे शब्द उर्दूतही आहेत आणि मराठीतही. पाठातून असे आणखी चार शब्द शोधा.
(इ) ‘शिकस्त’ या शब्दाचा उर्दूत अर्थ ‘हार’ असा होतो. मराठीत ‘शिकस्त करणे’ याचा अर्थ वेगळा आहे. तो लक्षात घेऊन वाक्यात उपयोग करा.

उपक्रम: आपल्या परिसरातील एखाद्या आजारी जनावराची तपासणी करावी, अशी विनंती करणारे पत्र पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना लिहा. पत्रात जनावराचे दिसणारे त्रास आणि त्याचा रोजचा खुराक यांचा उल्लेख करायला विसरू नका.